इंजिनिअरिंगनंतर मानववंशशास्त्र? डोकं ठिकाणावर आहे ना!

टी.ई.चं दुसरं सेम सुरू झालं की हॉस्टेलवर एकच प्रश्न फिरायला लागतो, "पुढे काय?" मेसच्या रांगेत, रीडिंग रूमच्या दारात, रात्री मॅगी शिजत असताना, कुठेही. उत्तरंही ठरलेली असतात. प्लेसमेंट, गेट, एम.एस., कॅट, नाहीतर यू.पी.एस.सी.-एम.पी.एस.सी. यातलं एक सांगितलं की समोरची मान डोलावते आणि विषय संपतो.

परवा माझ्यावर ही वेळ आली. मी म्हटलं, "अँथ्रोपॉलॉजीत एम.ए. करावं म्हणतेय."

रूममध्ये एकदम शांतता. मग एक जण म्हणाली, "ते डायनासोरची हाडं उकरतात तेच ना?" दुसरी म्हणाली, "नाही गं, ते माकडांचं असतं." तिसरीने थेट मुद्द्यालाच हात घातला, "पॅकेज किती मिळतं?" आणि चौथीने कपाळाला हात लावून ताप बघितला. डोकं ठिकाणावर आहे ना, याची खात्री!

हसून झालं. पण नंतर वाटलं, यांना नीट सांगावं. म्हणून हा लेखप्रपंच.

आधी एक कबुली. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. 'मानववंशशास्त्र' हा शब्द पहिल्यांदा मोठ्याने वाचला तेव्हा मी दोनदा अडखळले होते. तेव्हा या लेखातले ऱ्हस्व-दीर्घ मराठी विभागाच्या संपादकांनी दुरुस्त केलेत, विचार मात्र माझेच आहेत. शिव्या द्यायच्या असतील तर मलाच द्या.

हे आहे तरी काय?

माणूस हा प्राणी कसा घडला, कसा जगतो, कुणाशी लग्न करतो, कुणाबरोबर जेवतो, काय बोलतो, मेल्यावर त्याचं काय करतात, या सगळ्याचा अभ्यास म्हणजे मानववंशशास्त्र. पुणे विद्यापीठात याला 'मानवशास्त्र' म्हणतात. याच्या मुख्य शाखा चार. सामाजिक-सांस्कृतिक, जैविक, पुरातत्त्वीय आणि भाषिक. हाडं आणि माकडं जैविक शाखेत येतात, त्यामुळे माझ्या मैत्रिणी अगदीच चुकल्या नव्हत्या. डायनासोर मात्र नाहीत, ते वेगळ्या लोकांचं काम.

मग समाजशास्त्रात आणि यात फरक काय? सीमा पुसट आहेत, पण या विषयाची खास ओळख म्हणजे फील्डवर्क. मालिनोव्स्की नावाचा पोलिश माणूस १९१५ ते १९१८ या काळात पॅसिफिकमधल्या ट्रोब्रियांड बेटांवर दीर्घकाळ जाऊन राहिला, तिथली भाषा शिकला, लोकांच्या मध्येच तंबू ठोकला. १९२२ साली त्याचं पुस्तक आलं आणि तेव्हापासून हीच रीत पडली. प्रश्नावली वाटून संध्याकाळच्या गाडीने परत यायचं नाही. वर्ष-वर्ष राहायचं, त्यांच्याबरोबर जेवायचं, रोज रात्री वही लिहायची. म्हणजे आपलं हॉस्टेल लाइफच, फक्त डोळे उघडे ठेवून!

कोयनेवरचा चहा

मला हे खूळ कुठून लागलं ते सांगते. सिव्हिलच्या आमच्या बॅचची परवानगी वगैरे काढून कोयनेला व्हिजिट गेली होती. १०३ मीटर उंचीचं धरण. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा भूकंप, धरणाला गेलेल्या भेगा, मग केलेलं मजबुतीकरण, हे सगळं आम्ही जर्नलमध्ये आकृतीसकट उतरवलं. १९९९ चं लेक टॅपिंग, चार टप्पे मिळून १९६० मेगावॅट. पाठच आहे. व्हायव्हाला हमखास विचारतात.

परत येताना रस्त्यावरच्या एका टपरीवर चहाला थांबलो. बाकड्यावर ऐंशी पार केलेले एक आजोबा बसले होते. त्यांनी विचारलं, "कुटल्या गावच्या तुमी पोरी?" आम्ही आपापली गावं सांगितली. मग मी विचारलं, "आणि आजोबा, तुमचं?"

त्यांनी हाताने धरणाच्या पलीकडे दाखवलं. "पाण्यात."

आमच्यातल्या एकाने लगेच विचारलं, "नुकसानभरपाई किती मिळाली होती?" इंजिनिअरिंगच्या मुलाला आकडाच सुचणार. आजोबा म्हणाले, "मिळालं थोडं पैसं. ते कवाच संपलं." मग जरा थांबून म्हणाले, "गाव फुटलं ते वाईट झालं. एक भाऊ सोलापूरकडं, चुलता रायगडात. पोरीला स्थळ बघायचं तर कुटं बघायचं? सोयरं समदं पांगलं."

एवढं बोलून काठी घेऊन ते उठले. आमची गाडी सुटली, पुढे अंताक्षरीही झाली. पण रिपोर्ट लिहायला बसले आणि अडले. 'विस्थापित लोकसंख्या' अशी एक ओळ होती, तिच्यापुढे आकडा लिहायचा. 'सोयरे पांगले' हे कुठल्या कॉलममध्ये लिहायचं? तसा कॉलमच नव्हता.

इरावतीबाईंची गाठ

बारावीच्या सुट्टीत आजीने माझ्या हातात इरावती कर्वे यांचं 'परिपूर्ती' दिलं होतं. "इंग्लिश मीडियमची झालीस म्हणून मराठी वाचू नये असं नाही," असं सुनावून. त्यातला पंढरीच्या वारीवरचा लेख मला कळला तेवढा आवडला होता. बाई वारीत चालताना भक्तीत रमतात, आणि त्याच वेळी एकाच दिंडीतल्या वेगवेगळ्या जातींच्या बायका जेवायला वेगळ्या बसतात हेही त्यांना दिसत असतं.

कोयनेहून आल्यावर शोधाशोध केली तेव्हा कळलं की या बाईंचं मूळ काम नेमकं 'सोयऱ्यां'वरच आहे. १९५३ साली त्यांचा भारतातल्या नातेसंबंधांवरचा इंग्रजी ग्रंथ आला. उत्तरेत मुलगी लांबच्या, अनोळखी गावात देतात. दक्षिणेत नात्यातच लग्न करायची रीत आहे. महाराष्ट्र मधला. आपल्याकडे पुष्कळ जातींत मामाची मुलगी चालते, पण आत्याची चालत नाही. आपण यावर एकमेकांना चिडवतो, बाईंनी त्यातून भारताचा नकाशा मांडला.

आणि दुसरी गोष्ट कळली त्याने मी चाटच पडले. इरावती कर्वे आणि जाई निंबकर यांनी कोयना धरणामुळे उठलेल्या लोकांची पाहणी केली होती. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६९ साली ती प्रसिद्ध केली. म्हणजे भूकंपाचे शोधनिबंध निघत होते, त्याच सुमाराला कुणीतरी वही घेऊन त्या आजोबांसारख्या माणसांकडेही गेलं होतं! आपल्याला पहिलं शिकवतात, दुसऱ्याचं नावही कानावर येत नाही. मी शिक्षकांना दोष देत नाही. सिलॅबसमध्ये नाही ते शिकवणार कधी?

आता विचार करा. लग्नाचा घेर हे एक नेटवर्क आहे. आजारपणात कोण धावतं, पेरणीला बैल कोण देतं, उसने पैसे कोण देतं, हे सगळं त्याच तारांवरून वाहतं. गाव एकत्र न हलवता चार जिल्ह्यांत विखुरलं की त्या तारा तुटतात. भरपाईचा चेक कितीही मोठा असला तरी त्याने त्या जोडता येत नाहीत. आजोबांना हे माहीत होतं. मानववंशशास्त्रज्ञाला ते मांडता येतं. इंजिनिअरला निदान ऐकू तरी यायला हवं, एवढंच माझं म्हणणं.

हे फक्त आपल्याकडचं नाही. आफ्रिकेत झांबेझी नदीवर करिबा धरण झालं, त्यात सुमारे ५७,००० माणसं उठवली गेली. एलिझाबेथ कोल्सन आणि थेअर स्कडर या दोन मानववंशशास्त्रज्ञांनी १९५६ मध्ये, म्हणजे लोक हलण्याआधीच, तिथे कामाला सुरुवात केली आणि पुढे अनेक दशकं ते त्याच लोकांकडे परत परत जात राहिले. हाच स्कडर पुढे जागतिक धरण आयोगाचा सदस्य झाला. त्या आयोगावर मेधा पाटकरही होत्या. २००० साली त्यांचा अहवाल आला.

आपल्यातलेच काही

"पण आपण टेक्निकल लोक, आपल्याला हे झेपणार का?" असं वाटत असेल तर दोन उदाहरणं.

अमेरिकन मानववंशशास्त्राचा पाया घालणारा फ्रान्झ बोआस मूळचा फिजिक्सवाला. १८८१ साली जर्मनीत त्याने डॉक्टरेट मिळवली ती पाण्याच्या रंगावर! दोन वर्षांनी तो कॅनडाच्या उत्तरेला बॅफिन बेटावर गेला, एस्किमो म्हणून ओळखल्या जाणाऱ्या इन्युइट लोकांत राहिला आणि मग माणसांचाच झाला.

दुसरा एडमंड लीच. केंब्रिजचा १९३२ चा इंजिनिअरिंगचा पदवीधर, तोही फर्स्ट क्लास. काही वर्षं चीनमध्ये एका व्यापारी कंपनीत नोकरी केली, मग मालिनोव्स्कीकडे शिकायला गेला. ब्रह्मदेशातल्या काचिन डोंगरांत काम करत असताना महायुद्ध पेटलं आणि त्याच्या फील्डच्या सगळ्या नोंदी हरवल्या. तरी १९५४ साली त्याने काचिन लोकांवर पुस्तक काढलं, ते आजही शिकवतात. सबमिशनच्या आदल्या रात्री पेनड्राइव्ह करप्ट झाला म्हणून रडणाऱ्यांनी याचा फोटो टेबलावर लावावा.

आणि आता आपल्या सगळ्यांच्या जिव्हाळ्याचं... झेरॉक्स! गेटसमोरच्या दुकानात आपण जे काढतो ते नाव ज्या कंपनीचं, तिच्या कॅलिफोर्नियातल्या संशोधन केंद्रात ल्यूसी सचमन नावाची मानववंशशास्त्रज्ञ होती. नवीन मशीन फार किचकट आहे अशी तक्रार होती. तिने दोन जणांना ते मशीन वापरायला लावलं आणि व्हिडिओ काढला. ते दोघे साधेसुधे नव्हते, कॉम्प्युटर सायन्समधले मोठे संशोधक होते. तरी मशीनपुढे त्यांची पार दमछाक झाली! मशीनने धरलं होतं की माणूस आधी प्लॅन करतो आणि मग पायरी-पायरीने वागतो. माणूस तसा वागत नाही, तो समोर जे घडेल त्याप्रमाणे हातपाय मारतो. १९८७ साली यावर तिचं पुस्तक आलं.

त्याच कंपनीत ज्युलियन ऑरने मशीन दुरुस्त करणाऱ्या टेक्निशियनचा अभ्यास केला. मॅन्युअल होतं, पण खरी माहिती फिरायची ती जेवणाच्या टेबलावरच्या गप्पांतून. "अरे, परवा एक मशीन असं अडलं होतं..." अशा किश्श्यांतून. आपल्या वर्कशॉपमधले मामा आठवा. लेथला काय झालंय ते नुसत्या आवाजावरून सांगतात. ते ज्ञान कुठल्या मॅन्युअलमध्ये आहे?

बरं, पण पोटापाण्याचं काय?

आता तिसऱ्या मैत्रिणीचा प्रश्न. तो योग्यच आहे, कारण माझ्याही नावावर एज्युकेशन लोन आहे. जेवढं शोधलं तेवढं सांगते.

शिकायचं कुठे? पुण्यात सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात स्वतंत्र विभाग आहे. दिल्ली, कोलकाता, हैदराबाद इथल्या विद्यापीठांतही आहेत. कोलकात्याचा विभाग देशातला सगळ्यात जुना, १९२० च्या सुमाराचा. दोन वर्षांचं एम.ए. किंवा एम.एस्सी. बऱ्याच ठिकाणी कुठल्याही शाखेचा पदवीधर चालतो, काही ठिकाणी विज्ञान लागतं, तेव्हा त्या वर्षीची जाहिरात नीट वाचा. इंजिनिअरिंग न सोडता या बाजूला सरकायचं असेल तर आय.आय.टी. मुंबईच्या 'सितारा' या केंद्रात तंत्रज्ञान आणि विकास या विषयात एम.टेक. आहे. मुंबईची टाटा सामाजिक विज्ञान संस्था आहेच. परदेशात पीएच.डी.ला बऱ्याच विद्यापीठांत फी माफ होऊन स्टायपेंड मिळतो, पण जागा फार थोड्या आणि वर्षं सहा-सात.

नोकऱ्या कुठल्या? पहिली सरकारी. भारतीय मानवशास्त्रीय सर्वेक्षण ही १९४५ साली स्थापन झालेली केंद्राची संस्था. मुख्यालय कोलकात्याला, एक प्रादेशिक केंद्र आपल्या नागपूरला. १९८५ साली त्यांनी 'पीपल ऑफ इंडिया' प्रकल्प सुरू केला आणि देशातल्या साडेचार हजारांहून जास्त समाजांची नोंद केली. पुण्यात राज्य सरकारची आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, तिचं संग्रहालय बघण्यासारखं आहे. शिवाय संग्रहालयं, न्यायवैद्यक प्रयोगशाळा, आणि नेट पास झालात तर अध्यापन.

दुसरी, प्रकल्पांची. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने, काही अपवाद सोडले तर, जमीन घेण्याआधी सामाजिक परिणामांचं मूल्यांकन करावं लागतं. हे करणारी माणसं लागतात. ज्याला नकाशा वाचता येतो, पूररेषा कळते आणि लोकांशी बोलताही येतं असा माणूस तिथे हवाच. सिव्हिलवाल्यांनी हे वाक्य परत वाचावं.

तिसरी, आरोग्य. २०१४ ते २०१६ मध्ये पश्चिम आफ्रिकेत इबोला पसरला. प्रेताला आंघोळ घालणं, स्पर्श करणं यातून लागण होत होती. नुसतं "हात लावू नका" म्हणून कोण ऐकणार? आपल्या माणसाला असंच कसं सोडायचं? मानववंशशास्त्रज्ञांनी लोकांशी बोलून, मान राखून आणि तरीही सुरक्षित अंत्यसंस्कार कसे करता येतील यात मदत केली.

चौथी, कंपन्या. जिनिव्हिव्ह बेल ही ऑस्ट्रेलियन मानववंशशास्त्रज्ञ १९९८ मध्ये इंटेलमध्ये लागली आणि पुढे व्हाइस प्रेसिडेंट झाली. आता 'यूजर रिसर्च' या नावाने सॉफ्टवेअर कंपन्यांत अशी पदं असतात. मेकॅनिकल आणि प्रॉडक्शनवाल्यांसाठी एर्गोनॉमिक्स आहे. १९९७ साली अहमदाबादच्या एन.आय.डी.ने भारतीय शरीरमापांचं पुस्तक काढलं, कारण परदेशी मापांची खुर्ची आपल्याला बसत नाही. एस.टी.ची पहिली पायरी चढताना माझ्या आजीचा गुडघा काय म्हणतो हे मला चांगलं माहीत आहे.

पाचवी, अगदी न सुचणारी. पत्रकारिता. गिलियन टेट हिने ताजिकिस्तानातल्या लग्नविधींवर केंब्रिजमध्ये पीएच.डी. केली, मग ती 'फायनान्शियल टाइम्स'मध्ये गेली. बँकर लोकांकडेही तिने एखाद्या जमातीकडे बघावं तसं बघितलं, आणि २००८ च्या मंदीआधीच धोक्याचं लिहीत राहिली.

आणि यू.पी.एस.सी. तर आहेच. मानववंशशास्त्र हा तिथे ५०० मार्कांचा वैकल्पिक विषय आणि इंजिनिअर मुलांचा तो आवडता. २०१७ च्या परीक्षेत देशात पहिला आलेला अनुदीप दुरीशेट्टी हा इंजिनिअरच, आणि त्याचा विषय हाच. पण मला एक खटकतं. आपल्याकडे जे हा विषय घेतात त्यातले बरेच जण "सिलॅबस छोटा आहे" म्हणून घेतात. ट्रोब्रियांड बेटांवरची माणसं पाठ करून पास व्हायचं आणि नंतर तालुक्याच्या गावी गेल्यावर समोरच्या माणसाचं ऐकायचंच नाही... मग काय उपयोग?

गुलाबी चित्र नको

आता दुसरी बाजू. कॅम्पसला कुठलीही कंपनी "मानववंशशास्त्रज्ञ पाहिजेत" असा बोर्ड घेऊन येत नाही. सरकारी जागा कमी निघतात, उशिरा भरतात. संस्थांमधली कामं पुष्कळदा कंत्राटी. सुरुवातीचा पगार आपल्या आय.टी.तल्या मित्रांपेक्षा कमी असणार हे गृहीत धरूनच चालावं. कंपनीत गेलात तर पाटीवर 'रिसर्चर' असेल, 'अँथ्रोपॉलॉजिस्ट' क्वचित. ज्यांच्या घरी पुढच्याच महिन्यापासून पगाराची गरज आहे त्यांना मी हे करा म्हणणार नाही. आधी नोकरी, मग दोन-तीन वर्षांनी हे, असाही मार्ग आहे. लीचने तेच केलं.

शिवाय हा विषय धुतल्या तांदळासारखाही नाही. १९०१ च्या जनगणनेचा प्रमुख हर्बर्ट रिस्ले लोकांची नाकं मोजायचा आणि त्यावरून जातींची उतरंड लावायचा. १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी काही जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा १९५२ साली गेला, पण पारधी समाजाच्या माणसाकडे आजही लोक कोणत्या नजरेने बघतात ते आपण जाणतो.

इरावतीबाई बर्लिनला शिकायला गेल्या तेव्हा त्यांचे गाइड ऑयगेन फिशर हे वंशश्रेष्ठत्व मानणारे. बाईंना माणसांच्या कवट्या मोजायला दिल्या होत्या. गाइडना हवा तो वंशभेद कवट्यांत दिसेना. बाईंनी दिसलं तेच लिहिलं आणि १९३० साली डॉक्टरेट घेऊन परत आल्या. तिकडे अमेरिकेत बोआसनेही जवळजवळ १८,००० स्थलांतरित आणि त्यांच्या मुलांची डोकी मोजली आणि दाखवलं की डोक्याचा आकार एका पिढीतही बदलतो, तो काही वंशाचा शिक्का नाही. म्हणजे मोजपट्टी सारखीच, रिस्लेच्या हातात एक आणि यांच्या हातात दुसरी. प्रॅक्टिकलच्या वेळी अपेक्षित उत्तर माहीत असतं म्हणून रीडिंग 'ॲडजस्ट' करणाऱ्या आपण सगळ्यांनी, मी धरून, गाइडसमोर उभ्या असलेल्या त्या पंचविशीतल्या मुलीचा विचार करावा.

"मग सीट वाया घालवली की!"

स्टाफमधल्या एका सरांनी मला हे प्रेमानेच म्हटलं. तुझ्या जागी एखादा मुलगा आला असता, आयुष्यभर इंजिनिअर राहिला असता. सर, हा मुद्दा मी टाळत नाही. पण आपल्या बॅचमधले किती जण शिकले त्याच ब्रँचमध्ये काम करणार आहेत? मेकॅनिकलची मुलं कोडिंग करतात, सिव्हिलची मुलं बँकेच्या परीक्षा देतात, त्याला कुणी सीट वाया गेली म्हणत नाही, कारण तिथे पगार आहे. मी तर धरणांच्याच बाजूला राहणार आहे. फक्त धरणाच्या पाण्याकडून बघणार आहे.

आणि जे या वाटेला जाणार नाहीत, म्हणजे तुमच्यातले शंभरातले नव्व्याण्णव, त्यांच्यासाठी माझं मागणं साधं आहे. बी.ई.च्या प्रोजेक्टचा विषय लॅबमध्ये बसून ठरवू नका. आधी ज्यांच्यासाठी करायचंय अशा दहा माणसांकडे जाऊन या. निर्धूर चुलींचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे. सरकारने १९८० च्या दशकात देशभर कार्यक्रम काढला, पुढे कितीतरी घरांत त्या चुली बंद पडल्या. भाकरी थापणाऱ्या बाईला ती चूल कशी वाटते हे आधी विचारायचं काम आपण पुष्कळदा विसरतो. आपल्याकडेही दरवर्षी 'ग्रामीण भागासाठी' म्हणून कितीतरी प्रोजेक्ट होतात. त्यातला एक तरी आज एखाद्या गावात चालू आहे का? असेल तर दाखवा, मेसमधली माझी रविवारची स्वीट डिश तुमची.

कॉलेजकडेही दोन मागण्या आहेत. ओपन इलेक्टिव्हमध्ये या विषयाचा एक पेपर ठेवून बघा, पुण्याहून कुणी शिकवायला येतं का विचारा. आणि लायब्ररीत इरावतीबाईंची पुस्तकं आणा. स्पर्धा परीक्षांच्या गाइडचं एक कपाट कमी झालं तरी चालेल.

बाबांचा फोन

शेवटी घरचं. बाबांना फोनवर सांगितलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे चार वर्षं पाण्यात घालायची?" मी जे वर लिहिलंय ते सगळं घडाघडा सांगितलं. लीच, झेरॉक्स, ५०० मार्क, सगळं. ते फक्त "हं" म्हणत होते. मग कोयनेचे आजोबा सांगितले. तेव्हा "हं" पण थांबलं.

"भावाकडे जातात का रे ते कधी, सोलापूरला?" बाबांनी विचारलं. आमच्याकडे मुलींना लाडाने 'अरे' म्हणतात.

मला माहीत नव्हतं. मी विचारलंच नव्हतं.

"मग एवढा विषय करायचाय म्हणतेस आणि हेच विचारलं नाहीस?" असं म्हणून त्यांनी फोन आईकडे दिला.

परवानगी मिळाली की नाही, मला अजून कळलेलं नाही. लोन कुणी आणि कसं फेडायचं हा विषय दिवाळीच्या सुट्टीत निघणार आहे. गेटचा फॉर्मही मी भरणार आहे, खोटं कशाला बोलू? पण पी.एल. सुरू व्हायच्या आत एका रविवारी पाटणची एस.टी. पकडून मी त्या टपरीवर जाणार आहे. वही घेऊन. कुणाला यायचं असेल तर रीडिंग रूममध्ये खिडकीजवळच्या टेबलावर मी असते. तिकीट ज्याचं त्याने काढायचं, चहा माझ्याकडून!